परातीत तापी, बरणीत गिरणा

एप्रिलमध्ये गिरणा नदीच्या पुलावरून जाताना भाचीने खिडकीतून डोकावून विचारलं, "मामा, पानी कथा गयं?" म्हणजे, पाणी कुठे गेलं? खाली नुसती वाळू. "उन्हानं आटलं," म्हणून मी वेळ मारून नेली. पण उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं दाखवायला एक जुनी परात, एक काचेची बरणी आणि रविवारची सकाळ लागते. अंगणात करा. घरात केलंत तर बोलणी तुम्हीच खा.

आधी परात. तीन वाट्या वाळू, वाटीभर शेतातली काळी माती आणि मूठभर बारीक खडी ओलसर कालवून परातीच्या एका अंगाला उताराने थापा. समोरचा काठ मोकळा राहू द्या, तो समुद्र. थापलेल्या बाजूखाली अर्धी वीट सरकवा. पाणी तांब्याने ओतू नका. मी ओतलं आणि अख्खा सातपुडा एका दमात समुद्रात गेला. बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोक पाडा आणि बारीक धार वरच्या टोकाला एकाच जागी धरा.

आता गप्प बसा, मुलांना बघू द्या. धार सरळ जात नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला काठ ढासळतो, आतल्या अंगाला वाळू साचते. खडी वरच अडकते, वाळू थोडी पुढे जाते आणि काळा गाळ पार खाली, पाणी संथ होतं तिथे बसतो. पाण्यात जोर असेपर्यंतच ते ओझं वाहतं. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे हेच झालंय. सुकी, मोर अशा नद्या सातपुड्यातून धावत उतरतात आणि पायथ्याशी उतार कमी झाला की दगडगोटे टाकून देतात. त्या भरावात पाणी भराभर मुरतं. बारीक गाळ पुढे तापीकाठापर्यंत पसरलाय आणि त्यावर केळीच्या बागा उभ्या आहेत. खुद्द तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि पश्चिमेकडे सुमारे ७२४ किलोमीटर जाऊन सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते.

मुलं रमली असतील तर धारेच्या मध्यावर एक चपटा दगड आडवा रोवा आणि त्याच्या वरच्या अंगाने काडीने बाजूला चर ओढा. झाला बंधारा आणि पाट. पांझरा नदीवर शेकडो वर्षं फड पद्धतीने, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घेत, अशीच शेतं भिजली. कुणाच्या वाफ्यात पाणी कधी सोडायचं ते पाटकरी बघायचा. घरात भावंडं दोन असतील तर पाटकरी कोण, यावर भांडण होईल. होऊ द्या, फडावरही होत असणार.

आता बरणी, माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. ठिबकच्या नळीचा वीतभर तुकडा घ्या, खालच्या तोंडाला फडक्याची चिंधी बांधा आणि काचेला टेकवून उभा धरा. ही विहीर. भोवती धुतलेली जाड वाळू पाऊण बरणीपर्यंत भरा. मग वाटी-वाटीने पाणी घाला. वरून पाहिलं तर पाणी दिसत नाही, पण काचेतून पाहिलं तर अर्ध्यावर पाण्याची रेघ दिसते. थोडा वेळ थांबा. नळीतलं पाणीही बरोबर त्याच रेघेला येऊन थांबतं. वाळूच्या कणांमधल्या फटींत पाणी असतं, विहीर म्हणजे त्यात डोकावायची खिडकी.

बिनसुईच्या सिरिंजला बारीक नळी जोडून विहिरीतलं पाणी ओढा. रेघ खाली जाते. दुसरी नळी शेजारी रोवून तिच्यातूनही ओढा, म्हणजे शेजारच्याने बोअर घेतल्यावर आपली विहीर का खोल जाते ते मुलं स्वतःच सांगतील. वरून थोडं पाणी शिंपडा, म्हणजे पाऊस पडला. रेघ पुन्हा चढते. शेवटी अर्धी वाळू काढून घ्या आणि उरलेल्या वाळूत तितकंच पाणी मावतं का बघा. नदीतली वाळू उपसण्यावर माझा राग का आहे, ते वेगळं सांगायला लागत नाही.

मे महिन्यात आम्ही गिरणेच्या पात्रात उतरलो. उपशाच्या खड्ड्यांपासून लांब, काठाजवळ, हाताने झिरा खोदला. कोपरापर्यंत हात गेल्यावर वाळू गार लागली. आणखी वीतभर खाली गढूळ पाणी झिरपू लागलं आणि थोड्या वेळाने निवळलं. भाची त्यात बोट बुडवून बसली होती. उठायलाच तयार नव्हती.