यू नसताना क्यू कसा लावायचा: स्क्रॅबलसाठी छोटे शब्द

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर जोडून शब्द लावायचा खेळ. त्याच्या इंग्रजी संचातल्या १०० टाइल्समध्ये क्यू एकच असतो, १० गुणांचा. यू मात्र फक्त ४. इंग्रजीत क्यूच्या मागोमाग सहसा यू येतो, त्यामुळे क्यू हाती आला की अनेक जण यूची वाट बघत बसतात. रॅकवरची, म्हणजे हातातल्या सात टाइल्सच्या पट्टीवरची, एक जागा अडते, प्रत्येक पाळी सहाच अक्षरांवर खेळावी लागते. डाव संपला तरी क्यू सुटला नाही, तर तुमचे १० गुण वजा होतात आणि सगळ्या टाइल्स संपवणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला तेच १० मिळतात. फरक २० गुणांचा. हे टाळायचं असेल तर यूशिवाय जमणारे क्यूचे छोटे शब्द पाठच हवेत. इथले शब्द कॉलिन्सच्या, म्हणजे त्या शब्दकोशवाल्यांच्या स्क्रॅबलसाठीच्या यादीतले आहेत. अमेरिका-कॅनडात वेगळी यादी चालते, म्हणून कोणती यादी धरायची ते डाव सुरू होण्याआधीच ठरवून घ्या.

पहिला शब्द क्यू-आय. उच्चार ‘ची’, अर्थ चिनी विचारातली जीवनऊर्जा. क्यू असलेला दोन अक्षरी शब्द हा एवढाच, आणि आयच्या टाइल्स ९ असल्याने तो वारंवार जमतो. समजा बोर्डावर टी-ए-एक्स-आय उभा आहे आणि शेवटच्या आयच्या डावीकडचं घर ट्रिपल लेटरचं, म्हणजे त्यावरच्या अक्षराचे गुण तिप्पट करणारं आहे. त्या घरात क्यू ठेवा, क्यूच्या खाली तुमच्याकडचा आय. क्यू-आय आडवाही झाला, उभाही झाला: प्रत्येकी ३१, एकूण ६२ गुण, खर्च दोन टाइल्सचा. फक्त क्यूच्या वरचं आणि डावीकडचं घर रिकामं आहे ना, आणि नवा आय दुसऱ्या कुठल्या अक्षराला चिकटत नाही ना, ते आधी बघा. बहुतेक चुका इथेच होतात, कारण नजर फक्त गुणांवर असते.

यानंतर बोर्डावरच्या तयार शब्दांकडे बघायची सवय लावा. ए-टी च्या आधी क्यू लावला की क्यू-ए-टी: येमेन आणि पूर्व आफ्रिकेत तरतरीसाठी चघळतात तो पाला. आय-एन च्या आधी लावला की क्यू-आय-एन, एक चिनी तंतुवाद्य. आय-एस पासून क्यू-आय-एस, म्हणजे क्यू-आय चं अनेकवचन. ए-आय-डी पासून क्यू-ए-आय-डी, म्हणजे टोळीचा प्रमुख. कायदे-आझममधला ‘कायद’ तो हाच. हीच चार अक्षरं फिरवली की क्यू-ए-डी-आय, म्हणजे आपला काझी. दोन्हींचे गुण १४.

मराठी माणसाला खरा फायदा आहे तो यापुढच्या शब्दांत. यूविना क्यू येणारे कितीतरी इंग्रजी शब्द अरबीतून आलेत, आणि त्यातले बरेच आपण रोज ऐकतो. अर्थ पाठ करायची गरज नाही, स्पेलिंग तेवढं बसवायचं. वक्फ म्हणजे डब्ल्यू-ए-क्यू-एफ, १९ गुण. फकीर एफ-ए-क्यू-आय-आर, १७. तलाक टी-ए-एल-ए-क्यू, १४. निकाब एन-आय-क्यू-ए-बी, १६. नमाजाची दिशा ती किब्ला, क्यू-आय-बी-एल-ए, १६. कोरमाही क्यूने लिहिलेला चालतो: क्यू-ओ-आर-एम-ए. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे जमिनीखालून उताराने पाणी आणणारा बोगदा. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा त्याच पद्धतीचा. कव्वाली, क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, सात अक्षरी आहे. तिच्यात डब्ल्यू दोन, आणि संचातही डब्ल्यू दोनच, त्यामुळे योग क्वचित येतो. पण सातही टाइल्स एका पाळीत लागल्या तर ५० जादा गुण. इथे एकच डब्ल्यू लिहिण्याची चूक फार होते.

एस-यू-क्यू मध्ये यू आहे, पण क्यूच्या आधी. अर्थ अरबी बाजार. अरबी-हिब्रूच्या सेमेटिक भाषाकुळातलाच आणखी एक शब्द क्यू-ओ-पी-एच, हिब्रू लिपीतलं एक अक्षर, १८ गुण. वरच्या बहुतेक नामांना शेवटी एस लागतो, म्हणजे पुढच्या पाळीला तुम्हाला किंवा प्रतिस्पर्ध्याला दार उघडं असतं.

मात्र उर्दूत नुक्त्याचा क (क़, घशातून उच्चारायचा) ऐकला की इंग्रजीत क्यू येणारच, असं धरून चालू नका. किस्मतमध्ये तो क आहे, तरी इंग्रजीत शब्द के ने रूढ झाला. इराक आणि कतार ही विशेषनामं, ती चालत नाहीत. शब्द यादीत नसेल आणि समोरच्याने आक्षेप घेतला, तर टाइल्स उचलाव्या लागतात आणि पाळीही वाया जाते.

क्यू किती वेळ धरून ठेवायचा? आमच्या मते फार नाही. बोर्डावर मोकळा आय किंवा ए-टी दिसत असेल, तर १२-१४ गुणांत सोडवा. ६२ च्या आशेने तीन-तीन पाळ्या अडवून ठेवू नका. काहीच जागा नसेल आणि हातात आयही नसेल, तर क्यू बदलून घ्या. त्यात एक पाळी जाते, शिवाय नेहमीच्या नियमानुसार पिशवीत किमान ७ टाइल्स असतील तरच बदल करता येतो. म्हणून पिशवी हलकी होऊ लागली की हा निर्णय लांबवू नका.