दात घरी उजळावेत की दवाखान्यात?

लग्नाची तारीख ठरली की नागपुरात सीताबर्डीच्या खरेदीसोबत दात पांढरे करून घेण्याचाही विषय निघतो आणि घरी करावे की दवाखान्यात, यावर घरातला प्रत्येक जण मत देतो. त्याआधी दातांचा रंग वरून चढलेला आहे की आतून आलेला, हे तपासून घ्यावे. चहा, तंबाखू आणि आपल्याकडचा खर्रा यांचे डाग दातांच्या पृष्ठभागावर आणि तिथे साचलेल्या किटणावर बसतात. ते दातांच्या सफाईने, म्हणजे स्केलिंग व पॉलिशिंगने, बरेचसे निघतात आणि अनेकदा पुढच्या खर्चाची गरजच उरत नाही. वयाबरोबर येणारा पिवळेपणा मात्र डेंटीनचा, म्हणजे दाताच्या आतल्या पिवळसर थराचा असतो व त्यासाठी पेरॉक्साइड हे रंग उजळवणारे रसायन लागते. ज्यांचे लहानपण फ्लोराइडयुक्त बोअरवेलच्या पाण्यावर गेले आहे आणि ज्यांच्या दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी पट्टे आहेत, त्यांनी स्वतःहून काहीही सुरू करू नये, कारण ब्लीचिंगमध्ये पांढरे ठिपके आधी अधिकच उठून दिसू शकतात. अशा तपासणीसाठी मेडिकल परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयातही जाता येते.

दवाखान्यात साधारण 35 ते 40 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात व त्याआधी हिरड्यांवर संरक्षक लेप लावतात. घरी दातांवर बसवायच्या ट्रेसाठी, म्हणजे जेल भरायच्या पातळ साच्यासाठी, दंतवैद्य बहुधा 10 ते 22 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल देतात, आणि 10 टक्क्यांच्या जेलमधून जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. हे आकडे पाहून दवाखान्यातले दात दहापट पांढरे होतील असे वाटते, पण जास्त तीव्रतेने मिळतो तो मुख्यतः वेग. दोन-तीन आठवडे ट्रे नीट वापरल्यास शेवटी येणारी छटा जवळपास तितकीच उजळ असते. शिवाय खुर्चीवरून उठताना दात कोरडे पडलेले असल्याने जास्त पांढरे दिसतात. खरा रंग आठवड्या-दोन आठवड्यांनी कळतो, म्हणून छटापट्टी, म्हणजे दातांच्या छटांचे नमुने असलेली पट्टी, दाताशेजारी धरून उपचाराआधीचा फोटो आणि नंतरचा फोटो एकाच खिडकीच्या उजेडात काढावेत. दवाखान्यात दातांवर धरल्या जाणाऱ्या निळ्या दिव्याने परिणाम वाढतो, याला भक्कम आधार नाही. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे.

ट्रे दातांचे माप घेऊन बनवलेला असावा. दात घासून झाल्यावर ट्रेमधील प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूस मुगाच्या दाण्याएवढाच जेलचा थेंब ठेवावा, ट्रे हलकेच दाबून बसवावा आणि हिरडीवर आलेले जेल ब्रशने पुसून घ्यावे. हिरडी पांढरी पडून चुरचुरली, तर जेल जास्त झाले किंवा ट्रेची कड टोचते आहे. दात आंबू लागल्यास एक दिवस खाडा करावा आणि पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट वापरावी. ठणका राहिला तर थांबून दंतवैद्यांना दाखवावे. दात उजळवण्यासाठी तयार मिळणाऱ्या चिकटपट्ट्यांनीही फरक पडतो, मात्र वाकड्या दातांच्या फटींपर्यंत त्या पोचत नाहीत.

लिंबू, संत्र्याची साल, खायचा सोडा आणि कोळशाची पूड यांना मी उपचारांत धरत नाही. लिंबाच्या आम्लाने इनॅमल, म्हणजे दाताचे वरचे कठीण आवरण, झिजते, ते पुन्हा तयार होत नाही, आणि ते पातळ झाले की आतला पिवळा डेंटीन उलट अधिक डोकावतो. मिश्री तर तंबाखूच.

हाताशी महिनाभर असेल, तर मी ट्रे निवडेन. आठ दिवसांवर कार्यक्रम असेल, तर दवाखानाच बरा. कीड लागलेले दात आधी भरून घ्यावेत, गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात हा विषय पुढे ढकलावा. कॅप आणि फिलिंग यांचा रंग कोणत्याच पद्धतीने बदलत नाही, त्यामुळे पुढच्या दातातील फिलिंग बदलायचे असल्यास ब्लीचिंगनंतर दोन आठवडे थांबावे.

उपचारानंतरचे दोन दिवस तर्री पोहे, सावजी रस्सा आणि चहा टाळावा. ट्रे फेकू नये: वर्षभराने रंग मंदावला, तर दंतवैद्यांना विचारून दोन-चार रात्री तोच पुन्हा वापरता येतो. तो थंड पाण्यानेच धुवावा. गरम पाण्यात त्याचा आकार बिघडतो.