चर्चच्या जुन्या मनोऱ्याची दगडदुरुस्ती : या चुका टाळा

मनोऱ्याचा दगड झिजू लागला की दोष त्याच्या वयाला दिला जातो. पुष्कळदा खरं कारण मागच्या दुरुस्तीत असतं, ते म्हणजे सिमेंट. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, त्याआधीचे दगडी मनोरे बहुतेक चुन्यातले. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीत मुरलेलं पाणी त्यातून बाहेर पडतं, झीजही तोच सोसतो. सांध्यांमध्ये सिमेंट भरलं की ही वाट बुजते. मग पाणी दगडातून सुकतं, त्यातल्या क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाखाली धरतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दगड आत गेलाय आणि सांधा पुढे आलाय, असं दिसलं तर दुसरं कारण शोधत बसू नका.

ते सिमेंट ग्राइंडरने काढू नका. अरुंद सांध्यात चकती दगडाच्या कडा कापते, आणि कापलेली कड परत मिळत नाही. छिन्नी-हातोडी घ्या. सिमेंट इतकं घट्ट बसलं असेल की काढताना दगडच फुटेल, तर तेवढं राहू द्या. सांधा रुंदीच्या निदान दुप्पट खोल मोकळा करा, धूळ काढा, पाणी मारा, मग चुना दाबून भरा.

नवा चुना बोटाने झडतोय? तो फार लवकर वाळला किंवा गोठला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, आणि त्यासाठी ओल टिकावी लागते. उंचावर वारा जास्त, म्हणून ओलं गोणपाट झाकणं तिथे जास्तच गरजेचं. तापमान ५ अंश सेल्सियसखाली जाणार असेल तर काम थांबवा.

कठड्याजवळ किंवा शिखराच्या दगडांत तडे असतील, तर दगड एकमेकांना जोडणारे आतले लोखंडी आकडे तपासा. गंजलेलं लोखंड फुगतं आणि दगड फोडतं. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेल्या लोखंडामुळे संगमरवर असाच फुटला, पुढे तिथे टायटॅनियम वापरावं लागलं. नुसता तडा बुजवून काहीच साधत नाही. लोखंड काढून स्टेनलेस स्टील घाला.

बदली दगड बसवताना त्याचे नैसर्गिक थर आडवे हवेत. थर दर्शनी बाजूला समांतर उभे राहिले, तर दगड पानापानाने सुटतो. बाहेर काढलेल्या कंगोऱ्यांना मात्र थर उभे, पण दर्शनी बाजूशी काटकोनात ठेवतात. वालुकाश्मावर चुनखडीचा दगड बसवू नका, त्यावरून ओघळणारं पाणी खालचा वालुकाश्म खातं.

वाळूचा मारा आणि जलरोधक लेप, दोन्ही टाळलेलेच बरे.

आणि परांची उतरवण्याआधी पन्हळी, शिशाचे पत्रे, घंटाघराच्या झडपा, कबुतरांच्या घरट्यांनी तुंबलेली तोंडं, या सगळ्यांवर पाणी ओतून बघा. नंतर तिथवर हात पोहोचत नाही.