देव तीन की एक? त्रैक्य समजून घ्यायचं तर असं घ्या

लग्न ठरलं की आमच्या ठाण्यात हा प्रश्न ठरलेलाच. मुलगी पाटलांची नाहीतर जोशांची, मुलगा ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजातला. पहिल्याच मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, तिच्या कानावर पडतं, ‘पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने’. बाहेर आल्यावर हळूच विचारते, “अंकल, म्हणजे तुमचे देव तीन? आमच्या ब्रह्मा-विष्णू-महेशासारखे?” वागळे इस्टेटमधली नोकरी संपल्यापासून मी मोठ्या माणसांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो, त्यामुळे उत्तर द्यायची पाळी माझ्यावर येते. एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं, याला आम्ही त्रैक्य म्हणतो. पुढचं सगळं तिच्यासाठी. आणि सगळं माहीत असल्यासारखा चेहरा करून शेजारी उभ्या असलेल्या तिच्या होणाऱ्या नवऱ्यासाठी जरा जास्तच.

पहिलं काम म्हणजे गणित सोडा. एक गुणिले एक गुणिले एक बरोबर एक, असं व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. त्यातून काही सिद्ध होत नाही. देव म्हणजे पाढा नव्हे.

मग बायबल घ्या आणि मार्कच्या शुभवर्तमानाचा १२वा अध्याय काढा. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, असं विचारल्यावर येशू यहुदी लोकांची रोजची प्रार्थनाच म्हणून दाखवतो: आपला देव परमेश्वर एकच आहे. हे वाक्य पक्कं धरा. पुढे कितीही गुंता वाटला तरी ते सोडायचं नाही.

आता मत्तयचा ३रा अध्याय. मासुंदा तलावाजवळचं आमचं चर्च ज्याच्या नावाचं, तो बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीत उभा आहे. येशू पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा त्याच्यावर उतरतो, आणि आकाशातून वाणी होते की हा माझा प्रिय पुत्र. तिघं एकाच वेळी, एकाच ठिकाणी. हे दृश्य डोळ्यांसमोर नीट आणा, कारण त्यानेच एक फार लाडकं उदाहरण बाद होतं. एकच माणूस घरी बाप, कंपनीत साहेब आणि आईसमोर मुलगा असतो, तसा देव, असं बरेच जण समजावतात. ऐकायला सोपं वाटतं, पण तो माणूस स्वतःशीच बोलत नाही, स्वतःलाच पाठवत नाही. पकडला जाण्याआधी गेथशेमानेच्या बागेत येशू पित्याला ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असं म्हणतो, ते काय नाटक होतं? चर्चने हे मत तिसऱ्या शतकातच नाकारलं. ते मांडणाऱ्या साबेल्लियसच्या नावाने ते ओळखलं जातं.

आता वहीत तीन ओळी लिहा. देव एकच आहे. पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे. पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे, आत्मा म्हणजे पिता नव्हे. कुणीही काहीही समजावलं की या ओळींवर बोट ठेवून बघा. एक जरी पुसली जात असेल तर ते समजावणं चुकलं. त्रिमूर्तीत साधारणपणे खातेवाटप असतं: निर्मिती, पालन, लय. इथे तसं नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव निर्माण करतो तेव्हा आत्मा जलावर आहेच, आणि योहानाचं शुभवर्तमान सांगतं की सगळं झालं ते शब्दाच्या द्वारे, म्हणजे पुत्राच्या द्वारे. काम एकच, करणारे तिघं, आणि देव एक.

डोकं गरगरलं? साहजिक आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरही त्रैक्यावरून तिथल्या सिस्टरांशी त्यांचा पत्रांतून वाद चालूच होता. एवढ्या विदुषीला पटायला वेळ लागला, तर आपण घाई कशाला करायची?

‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हे येशूचं वाक्य (योहान १४:२८) तुम्हाला कुणीतरी दाखवेलच, पुत्र देव नाही असं सांगायला, बहुतेक दाराची बेल वाजवून. त्याला बायबलमधल्या फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राचा २रा अध्याय दाखवा: तो देवाच्या रूपात होता, त्याने दासाचं रूप घेतलं. माणूस होऊन खाली आलेला पुत्र बोलतोय. याच प्रश्नावर अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणाला होता की पुत्र निर्माण केलेला आहे. ३२५ मध्ये निकेयाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशपांनी त्याला नकार दिला: जन्मलेला, घडवलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व. आत्म्याबद्दलचा भाग ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला वाढवला. मिस्सात उभं राहून म्हणतात तो मोठा क्रीड, म्हणजे श्रद्धेची कबुली, तिथून आलाय. ठाण्यालाही हा विषय नवा नाही. १३२१ मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन साधूंचा येशू कोण यावरून काझीशी वाद झाला, तो वाढत गेला आणि चौघांचा जीव गेला.

खरी गोम मात्र एकपणात आहे. योहानाच्या १७व्या अध्यायात येशू म्हणतो, जग स्थापण्यापूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. इथे थांबा, घाई करू नका. देव प्रीती आहे असं आपण म्हणतो. मग जगच नव्हतं, तेव्हा तो प्रीती कुणावर करत होता? तो एकटा असता तर प्रेम करायला त्याला जगाची गरज पडली असती. ख्रिस्ती उत्तर असं की देव एक आहे, एकटा नाही. देणं, घेणं आणि परत देणं त्याच्यात आधीपासूनच आहे. त्याच अध्यायात येशू पुढे मागतो की त्याच्यावर विश्वास ठेवणारे सगळेही तसेच एक व्हावेत. सगळ्यांनी एकसारखं व्हावं, असं तो मागत नाही. सासर-माहेर दोन्ही सांभाळणाऱ्या मुलीला हा फरक सगळ्यात लवकर कळतो, असा माझा अनुभव.

ऐरोली-नेरूळकडे एकत्ववादी फेलोशिपवाले भेटले तर दचकू नका. १९१३नंतर अमेरिकेतल्या, पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीतून हे मत पुढे आलं: येशू हाच पिता, हाच आत्मा. प्रेषितांची कृत्ये २:३८ दाखवून ते फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देतात. माणसं भक्तिमान असतात, वाद घालू नका. पण यार्देनचं ते दृश्य वाचून दाखवा आणि बोलणारा कोण होता, एवढं विचारा. एक व्यवहाराची गोष्ट: तुमच्या जोडीदाराचा बाप्तिस्मा असा झाला असेल तर फादरना आधीच सांगा. कॅथलिक चर्च तो ग्राह्य धरत नाही आणि लग्नाचे कागद अडतात.

पुढच्या रविवारी मिस्सात कान उघडे ठेवा. प्रार्थना बहुतेक पित्याला असते, पुत्राच्या द्वारे, आत्म्याच्या ऐक्यात. सुरुवातीच्या प्रार्थनेच्या शेवटी हे तिन्ही शोधा. पेंटेकॉस्टनंतरचा, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणानंतरचा, रविवार त्रैक्याचा सण असतो, त्या दिवशीचं प्रवचन चुकवू नका. प्रश्न उरलेच तर मिस्सा संपल्या संपल्या दारात फादरना गाठू नका, तिथे दाखले मागणाऱ्यांची रांग असते. आठवड्यात संध्याकाळी ऑफिसात जा, वही बरोबर न्या.