मनगटावरचं हार्ट रेट घड्याळ: सायकल आणि जिमसाठी घेताना, वापरताना या चुका टाळा

चढावर मांड्या पेटल्यात, दोन शब्द बोलायचाही दम उरलेला नाही आणि घड्याळ म्हणतंय ९४. थोड्या वेळानं उतारावर पॅडल न मारता नुसतं बसलेलं असताना तेच घड्याळ १६२ दाखवतं. अशा वेळी घड्याळ बिघडलंय असं वाटणं साहजिक आहे. बहुतेकदा ते धडधाकट असतं. त्याला जे दिसायला हवं, ते दिसत नसतं.

‘दिसत नसतं’ हे शब्दशः घ्या. मनगटावरचं घड्याळ हृदय ऐकत नाही. ते त्वचेवर हिरवा उजेड टाकतं आणि त्यातला किती परत आला ते मोजतं. दर ठोक्याला त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं, रक्त हिरवा उजेड शोषतं आणि परत येणारा उजेड जरासा घटतो. हा फरक एकूण उजेडाच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपासच असतो. घड्याळ केसभर हललं तरी त्याहून मोठी उलथापालथ होते. छातीच्या पट्ट्याचं तसं नाही. तो हृदयाचा विद्युत संकेत पकडतो, म्हणून हाताच्या हालचालीनं त्याचं फारसं बिघडत नाही.

चूक: खोक्यावरची यादी वाचून घड्याळ निवडणं

‘ईसीजी आहे, म्हणजे व्यायामात ठोके अचूक येणार’ हा सर्वांत मोठा गैरसमज. घड्याळातला ईसीजी स्वस्थ बसून, दुसऱ्या हाताचं बोट कडेच्या धातूवर टेकवून साधारण अर्धा मिनिट घ्यायचा असतो. सायकल चालवताना किंवा वजन उचलताना त्याचा उपयोग शून्य. रक्तातल्या ऑक्सिजनचं मापनही वेगळ्या, लाल आणि इन्फ्रारेड दिव्यांवर चालतं. एलईडी जास्त म्हणजे घड्याळ चांगलं, हेही तितकंसं खरं नाही. दिवे आठ असले तरी घड्याळ मनगटावर डुगडुगत असेल तर ते आठही चुकीचंच पाहतात.

बघायचं ते वजन, मागच्या बाजूचा आकार आणि पट्टा. ३५-४० ग्रॅमचं घड्याळ आणि ८०-९० ग्रॅमचं घड्याळ यांत खडबडीत रस्त्यावर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. जड घड्याळ प्रत्येक खड्ड्याला मनगटावर आपटतं. पट्टा जिथे जोडलेला असतो ती टोकं मनगटाच्या रुंदीबाहेर येत असतील तर ते घड्याळ तुमच्यासाठी मोठं आहे. बाजूला फट राहणारच. सिलिकॉनच्या पट्ट्याची भोकं दूरदूर असली की एका भोकात सैल आणि पुढच्यात करकचून, अशी गत होते. वेल्क्रोचा नायलॉन पट्टा हवा तितका आवळता येतो. धातूची साखळी व्यायामासाठी नकोच.

विकत घेण्याआधी दोन मिनिटांची परीक्षा करा. घड्याळ घाला, ठोके मोजणं सुरू करा आणि दुसऱ्या हाताचा पंजा वर धरून थोडा अंधार करा. आता मूठ आवळा, मग हँडल धरल्यासारखं मनगट मागे वाकवा. घड्याळाच्या कडेनं हिरवा उजेड बाहेर सांडताना दिसला, तर त्याच फटीतून बाहेरचा उजेड आत शिरणार. उन्हात सायकल चालवताना नेमकं हेच होतं.

आणि बटणं! घामेजल्या बोटांनी किंवा हातमोज्यातून टचस्क्रीनवर लॅप (नवा टप्पा) मारून बघा, म्हणजे कळेल. किमान सुरू, थांबा आणि लॅप एवढं तरी बटणावर हवं.

चूक: जोडणी न तपासता घेणं

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची हमखास गल्लत होते. पहिली: बाहेरचा सेन्सर, म्हणजे छातीचा पट्टा किंवा दंडावर बांधायचा आर्मबँड, घड्याळाला जोडता येतो का? दुसरी: घड्याळ स्वतः मोजलेले ठोके सायकल कॉम्प्युटरला किंवा ट्रेनरच्या (घरात एका जागी सायकल चालवायच्या यंत्राच्या) अ‍ॅपला पाठवू शकतं का? या दुसऱ्या सोयीला ब्रॉडकास्ट म्हणतात. एक आहे म्हणून दुसरी असेलच असं नाही. अ‍ॅपल वॉचला ब्लूटूथवर छातीचा पट्टा जोडता येतो, पण त्यात अँट प्लस, म्हणजे सेन्सर जोडायचं ब्लूटूथसारखं दुसरं बिनतारी तंत्र, नाही. गार्मिनच्या बऱ्याच घड्याळांत अँट प्लसवरून ठोके पाठवण्याची सोय असते. तुमच्याकडे आधीपासून जे उपकरण आहे, ते कोणती भाषा बोलतं ते पाहून मगच घड्याळ निवडा.

‘काल जोडलं जात होतं, आज सेन्सर सापडतच नाही’ ही तक्रार बहुतेकदा ब्लूटूथची असते. कित्येक सेन्सर एका वेळी एकाच उपकरणाशी ब्लूटूथवर बोलतात. फोनमधल्या अ‍ॅपनं तो आधीच पकडून ठेवला की सायकल कॉम्प्युटरला मिळत नाही. फोनचं ब्लूटूथ बंद करून पुन्हा शोधा. अँट प्लसवर ही अडचण येत नाही, तिथे एकाच सेन्सरचं कितीही उपकरणं ऐकू शकतात.

चूक: घड्याळ मनगटाच्या हाडावर घालणं

करंगळीच्या बाजूला मनगटावर जो उंचवटा लागतो, त्यावर किंवा त्याच्याही खाली बरेच जण घड्याळ घालतात. दिवसभर वेळ बघायला ते ठीक. व्यायामाला ते त्या हाडापासून कोपराच्या दिशेनं किमान एक बोट वर हवं. सायकलवर दोन ते तीन बोटं वर. तिथे मांस थोडं जास्त असतं, वाकणाऱ्या सांध्यापासून अंतर राहतं आणि हँडल धरल्यावर पंजाची मागची बाजू घड्याळाला ढकलत नाही.

आवळायचं किती? पट्टा घातल्यावर घड्याळाला बोटानं बाजूला ढकला. त्याच्यासोबत खालची त्वचा सरकली पाहिजे, त्वचेवरून घड्याळ घसरता कामा नये. रोजच्यापेक्षा एक भोक घट्ट, एवढंच. बोटांना मुंग्या येईपर्यंत आवळलं तर त्वचेतला रक्तप्रवाहच दाबला जातो आणि मोजायलाच काही उरत नाही. व्यायाम संपला की पुन्हा सैल करा, नाहीतर घाम साचून पुरळ येतं.

गडद टॅटूवर सेन्सर ठेवू नका, शाई उजेड अडवते. दुसऱ्या हातावर घाला. दोन्ही हातांवर टॅटू असेल तर मनगटाचा नाद सोडून सरळ छातीचा पट्टा घ्या. सनस्क्रीन आणि घामाचं मीठ यांचा पांढुरका थर काचेवर बसतो, तो आठवड्यातून दोनदा ओल्या मऊ फडक्यानं पुसा.

सायकलवर काय बिघडतं

घरात ट्रेनरवर मनगटी घड्याळ साधारणपणे छान काम करतं: हात स्थिर, रस्त्याचे धक्के नाहीत. गोंधळ सुरू होतो तो बाहेर. हँडलमधून येणारी थरथर, ब्रेकवर आवळलेली बोटं, मागे वाकलेलं मनगट, तिन्ही एकदम. त्यात थंडी असेल तर हातातल्या वाहिन्या आकसतात आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं आकडा खालीच रेंगाळतो किंवा वेड्यासारखा उड्या मारतो. घरातच पाच मिनिटं अंग गरम करा, आकडा स्थिरावलेला बघा आणि मगच निघा. जॅकेटची बाही घड्याळावरून घ्या. बाही घड्याळाखाली सरकली की सेन्सर त्वचेऐवजी कापड बघत बसतो. लांब मनगटाच्या हातमोज्यांचंही तेच.

हँडल गच्च धरायची सवय असेल तर दर काही मिनिटांनी बोटं सैल सोडा. खांद्यांनाही बरं वाटेल.

आणखी एक खोड ओळखायला शिका. घड्याळ कधीकधी ठोक्यांऐवजी हालचालीची लयच मोजू लागतं. पळताना ते पावलांवर अडकतं आणि सावकाश धावतानाही १७० दाखवतं. सायकलवर उभं राहून पॅडल मारताना, किंवा जिममधल्या रोइंग आणि इलिप्टिकलवर, हात लयीत हलतात तेव्हा हे होऊ शकतं. शंका आली तर मेहनत तीच ठेवून गिअर बदला आणि कॅडेन्स (मिनिटाला पॅडलचे फेरे) ९० वरून ७५ वर आणा. ठोकेही लगेच तेवढेच उतरले तर घड्याळ तुमचे पाय मोजत होतं. अशा वेळी अर्धा मिनिट हात स्थिर ठेवा, घड्याळ थोडं वर सरकवून पुन्हा बसवा. बहुधा ते रुळावर येतं.

जिममध्ये मनगट हीच सर्वांत वाईट जागा

डेडलिफ्टचा बार उचलताना स्वतःच्या मनगटाकडे नीट बघा. मूठ आवळली की पुढच्या हाताचे स्नायू फुगतात, दोरीसारखे कंडरे वर येतात, घड्याळ एका कडेला उचललं जातं. वर त्वचेतला रक्तप्रवाहही मुठीच्या दाबानं बदलतो. म्हणजे सेन्सरची जागाही हलली आणि खालचा संकेतही मंदावला. सेट रंगात असताना आलेख सपाट आणि बार खाली ठेवल्यावर अचानक उसळी, हे चित्र त्यामुळेच दिसतं.

थोडा दोष घड्याळाचा नाहीही. पाच रेपचा सेट वीस-पंचवीस सेकंदांत संपतो. हृदय मेहनतीला सावकाश प्रतिसाद देतं, घड्याळ वर आणखी काही सेकंदांची सरासरी काढतं, त्यामुळे खरा उच्चांक तुम्ही बाटली तोंडाला लावता तेव्हा दिसतो. वजनांच्या सेटमध्ये झोन, म्हणजे ठोक्यांवरून ठरवलेल्या मेहनतीच्या पातळ्या, बघणं म्हणून व्यर्थच. आकडा वापरायचाच तर विश्रांतीसाठी वापरा: ठोके आपल्या नेहमीच्या पातळीला उतरले की पुढचा सेट.

कॅलरींचा आकडाही इथे फुगतो. घड्याळाचं गणित असं की ठोके वाढले म्हणजे ऑक्सिजन जास्त खर्च झाला. पण श्वास रोखून जोर लावताना रक्तदाब आणि ठोके वाढतात, ऑक्सिजनचा खर्च त्या प्रमाणात वाढत नाही. त्या आकड्यावर जेवणाचा हिशोब मांडू नका.

पुशअप आणि प्लँकमध्ये पंजाची मागची बाजू कडेचं बटण दाबते आणि नोंद मध्येच थांबते. बटण लॉक करा, किंवा घड्याळ उलटं फिरवून बटण कोपराकडे येईल असं घाला. बऱ्याच घड्याळांत पडदा उलटा करायची सोय असते. केटलबेल क्लीन करताना गोळा नेमका घड्याळाच्या काचेवर येतो, तेव्हा ते सरळ काढून ठेवा. रिस्ट रॅप (मनगटाला आधार देणारी पट्टी) बांधत असाल तर घड्याळ रॅपच्या पुढे कोपराच्या बाजूला हवं, रॅपवरून नको आणि रॅपखालीही नको.

यावरचा खरा इलाज म्हणजे आर्मबँड. तोही उजेडावरच चालतो, पण दंडावर किंवा कोपराखालच्या मांसल भागावर बसतो आणि मुठीच्या आवळण्याचा त्याला बराच कमी त्रास होतो. जिमला जाणाऱ्यानं महागड्या घड्याळापेक्षा साधं घड्याळ आणि आर्मबँड ही जोडी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. छातीचा पट्टा आणखी अचूक, फक्त बाकावर पालथं पडून करायच्या व्यायामांत तो टोचतो आणि सरकतो. तो कोरडा घालू नका. इलेक्ट्रोड पाण्यानं ओले केले नाहीत तर पहिली काही मिनिटं, घाम येईपर्यंत, वाट्टेल ते आकडे येतात. वापरानंतर सेन्सर पट्ट्यापासून सुटा करा, नाहीतर ओलाव्यानं बॅटरी उगाच संपते.

चूक: झोन कंपनीनं भरून दिले तसेच ठेवणं

घड्याळ वय विचारतं आणि बहुधा २२० वजा वय करून कमाल ठोके ठरवतं. २००१ साली प्रसिद्ध झालेलं दुसरं सूत्र आहे: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. तिशीत पहिलं १९० देतं, दुसरं १८७. साठीत पहिलं १६०, दुसरं १६६. दोन्ही सरासरीची सूत्रं आहेत आणि एकेका माणसाचा खरा आकडा त्यापासून दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणं अगदी सामान्य आहे. तेवढ्यानं अख्खा झोन सरकतो.

त्यापेक्षा उंबरठा मोजा, म्हणजे बराच वेळ टिकवता येणाऱ्या कमाल मेहनतीचे ठोके. चांगलं वॉर्मअप करून सपाट रस्त्यावर किंवा ट्रेनरवर ३० मिनिटं टिकेल इतक्या कमाल जोरानं सायकल चालवा आणि शेवटच्या २० मिनिटांची सरासरी घ्या. हे छातीच्या पट्ट्यानं करा, मनगटानं नको. सायकलवरचे ठोके पळण्यापेक्षा सहसा थोडे कमी असतात, म्हणून दोन्हींचे झोन वेगळे भरा. हृदयविकार असेल तर ही चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बीटा ब्लॉकर गोळ्या ठोके मुळातच खाली ठेवतात, तिथे कोणतंच वयाचं सूत्र लागू पडत नाही. ठोके अनियमित पडत असतील तरी मनगटी सेन्सर चुकतो, आणि तो प्रश्न घड्याळाच्या सेटिंगमध्ये सुटणारा नसतो.

चूक: व्यायाम सुरू न करता नुसतं घालून बसणं

दिवसभराच्या मोडमध्ये बॅटरी वाचवायला कित्येक घड्याळं ठोके अधूनमधूनच मोजतात. व्यायाम सुरू केलात तरच सतत मोजणी होते. प्रकारही बरोबर निवडा. ट्रेनरवर बसून ‘रनिंग’ लावलं तर घड्याळ नसलेली पावलं शोधत बसतं.

परत करायची मुदत संपायच्या आत ही चाचणी घ्या

कुणाचा तरी छातीचा पट्टा मागून आणा आणि तो दुसऱ्या उपकरणावर नोंदवा. घड्याळाला जोडू नका, नाहीतर घड्याळ पट्ट्याचेच आकडे दाखवेल आणि तुलना कशाचीच होणार नाही. दोन्ही एकदम सुरू करा. ५ मिनिटं हलकं पॅडल. मग १ मिनिट जोरात, २ मिनिटं सावकाश, असं तीनदा. मग ५ मिनिटं एकसारखी मध्यम मेहनत. शेवटी डंबेल रोचे दोन सेट.

दोन्ही आलेख शेजारी ठेवा. एकसारख्या भागात फरक दोन-तीन ठोक्यांचा असेल तर घड्याळ उत्तम. जोराच्या मिनिटांत ते थोडं मागून चढलं तरी चालेल, पण तिन्ही वेळा शिखरच चुकवत असेल तर घड्याळाची जागा आणि त्याचा पट्टा बदलून एकदा पुन्हा बघा. मध्यम मेहनतीतच वीस-वीस ठोक्यांची तफावत दोन्ही हातांवर येत असेल तर ते घड्याळ तुमच्या मनगटाचं नाही, परत करा. आणि फक्त डंबेलच्या सेटमध्ये चुकलं तर बदलून काही फायदा नाही. दुसरं घड्याळही तिथेच चुकेल.

छातीचा पट्टा मिळाला नाही तर मध्यम मेहनतीचा भाग संपताच थांबा आणि मानेवरची नाडी १५ सेकंद मोजून चारनं गुणा. मोजताना एक ठोका चुकला तर उत्तर चारनं चुकतं, तेवढी सूट घड्याळालाही द्या.