संसार सांभाळून डेटा सायन्सकडे वळताय? या चुका टाळा

ऐरोलीत आमच्या डेटा टीमसाठी मी गेली काही वर्षं मुलाखती घेतो. पस्तिशी-चाळिशीतले, पदरात मुलं असलेले उमेदवार त्यात बरेच असतात. कुणी बँकेतून आलेलं, कुणी अकाउंट्समधून, कुणी शाळेत गणित शिकवणारं. मेहनत सगळ्यांनीच घेतलेली असते, तरी पुष्कळ जण त्याच त्या जागी अडकतात. ते बघून जीव तुटतो, कारण यातलं बरंचसं आधी कुणी सांगितलं असतं तर टळलं असतं.

जुनं काम पुसून टाकू नका

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रेझ्युमेवर बारा-पंधरा वर्षांची नोकरी दोन ओळींत उरकलेली असते आणि खाली प्रोजेक्ट म्हणून टायटॅनिक आणि आयरिस, हे सरावाचे तयार डेटा. आयरिसचा डेटा १९३६ सालचा, १५० फुलांचा. टायटॅनिकच्या सरावाच्या फाइलमध्ये ८९१ प्रवासी. हात बसायला दोन्ही उत्तम, पण कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाचाही प्रोजेक्ट तोच असतो. मग तुमची ती सगळी वर्षं दिसणार कुठे?

अकाउंट्समधून आलेल्या एका बाईंना आम्ही महिन्यागणिक विक्रीचा तक्ता दिला होता. मार्चमध्ये आकडा एकदम वर. आधीच्या उमेदवारांनी लगेच हंगामी मागणी म्हणून मॉडेल (डेटावरून अंदाज सांगणारा प्रोग्राम) बांधायला घेतलं होतं. बाईंनी विचारलं, "एप्रिलच्या क्रेडिट नोट्स यात धरल्यात का?" वर्षअखेरीला टार्गेटसाठी बिलं फाडायची आणि एप्रिलमध्ये माल परत घेऊन क्रेडिट नोट द्यायची, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. त्यांचं पायथन, म्हणजे या कामातली प्रोग्रामिंगची भाषा, बेताचंच होतं. तरी आम्ही त्यांनाच घेतलं आणि टीमला त्याचा फायदाच झाला.

म्हणून प्रोजेक्ट तुम्हाला कळणाऱ्या विषयातला घ्या. काहीच सुचत नसेल तर वाशीच्या एपीएमसी बाजारातला कांदा घ्या. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी पोर्टलवर बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव क्विंटलमागे मिळतात. त्या फाइलवर काम करायला लागलात की खऱ्या अडचणी समोर येतात. सुट्टीच्या दिवशी नोंदच नसते. तिथे शून्य भरलंत तर त्या दिवशी कांदा फुकट वाटला असं मॉडेल समजेल. रिकामं ते रिकामंच ठेवा, किंवा आदल्या दिवसाचा भाव पुढे ओढा आणि तसं लिहून ठेवा.

दुसरी अडचण जास्त फसवी. ट्रेन (मॉडेलला शिकवायचा डेटा) आणि टेस्ट (तपासायचा डेटा) यांची वाटणी सवयीने रँडम, म्हणजे कशीही मिसळून, केली जाते. भावाच्या डेटात तसं केलंत तर गुरुवारचा भाव शिकून मॉडेल बुधवारचा "अंदाज" सांगतं, आणि अचूकतेचा स्कोअर बघून घरी पेढे वाटावेसे वाटतात. वाटणी तारखेने करा: जुने महिने शिकवायला, शेवटचे महिने तपासायला. स्कोअर घसरेल, पण मुलाखतीत तो का घसरला हे सांगता येईल. स्कोअर संशयास्पद चांगला आला की आधी पुढच्या तारखांचा डेटा आत शिरल्याची हीच गळती शोधा.

दोन तक्ते जोडल्यावर बेरीज अचानक फुगली, हीही नेहमीची तक्रार. डावीकडे १०,००० ग्राहक होते आणि लेफ्ट जॉइननंतर (डावीकडची प्रत्येक ओळ ठेवून उजवीकडची जुळणारी माहिती जोडल्यावर) १०,४०० ओळी झाल्या, तर उजवीकडच्या तक्त्यात काही ग्राहकांचे क्रमांक एकापेक्षा जास्त वेळा आहेत. जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजायची सवय लावून घ्या.

अभ्यासाची वेळ घरात ठरवा

"रात्री मुलं झोपली की बसेन" हा बेत फार टिकत नाही. दिवसभराचं ऑफिस, ट्रान्स-हार्बरची गर्दी, होमवर्क, उद्याचे डबे, आणि त्यानंतर जॉइन डोक्यात शिरत नाही. सकाळचा एक तास धरा, आठवड्यातले चारच दिवस, पण घरातल्या सगळ्यांना माहीत असलेले. जोडीदाराशी नेमकं बोला: त्या वेळी दूध कोण घेणार, मुलीला व्हॅनपर्यंत कोण सोडणार, आईंची औषधं कोण बघणार. "मी जरा शिकतोय" एवढ्यावर भागवलंत तर सगळा भार गुपचूप एकाच माणसावर पडतो आणि दोन महिन्यांत कुरबुर सुरू होते. गणपती, दिवाळी आणि मुलांच्या परीक्षांचे आठवडे आधीच वजा करा. तेव्हा अभ्यास बुडणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

मूल उठलं म्हणून लॅपटॉप बराच वेळ सोडून गेलात की गूगल कोलॅबचं (ब्राउझरमध्येच पायथन चालवायची सोय) सेशन तुटतं आणि तिथे तात्पुरत्या ठेवलेल्या फाइल्स जातात. सुरुवातीलाच गूगल ड्राइव्ह जोडून घ्या आणि साफ केलेला डेटा तिथे सेव्ह करा.

फी आणि हप्ते

"नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावरचं कर्ज. शिकवणारी संस्था वेगळी, कर्ज देणारी कंपनी वेगळी. कोर्स आवडला नाही म्हणून सोडलात तरी हप्ता आपोआप थांबत नाही, आणि चुकवलात तर सिबिल स्कोअर बिघडतो. पुढे घराच्या कर्जाला तेच आडवं येतं. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार सही करण्याआधी कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्चाचं पत्रक ("की फॅक्ट स्टेटमेंट") मिळालं पाहिजे आणि कर्जातून बाहेर पडायला कूलिंग-ऑफची मुदतही. दोन्ही मागून घ्या, सेल्सवाल्याचा कितीही फोन येवो. कोर्सवाल्यांच्या नोकरीच्या हमीच्या अटीही त्याच बैठकीत वाचा. आधी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन पोर्टलवरचा एखादा मोफत कोर्स शेवटपर्यंत करून बघा. त्यात मन रमलं तरच पैसे घालायचा विचार करा.

राजीनाम्याची घाई

नोकरी सोडली की कंपनीचा मेडिक्लेमही जातो, आणि अनेकांचे आईवडील त्याच पॉलिसीत असतात. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. विमा नियामक आयआरडीएआयने २०२४मध्ये ही कमाल मर्यादा चारवरून तीन वर्षांवर आणली. घरात मधुमेह किंवा बीपी असेल तर वेगळी पॉलिसी नोकरीत असतानाच घेऊन ठेवा, म्हणजे ती मुदत पगार चालू असताना सरकू लागते.

आणि आहे त्याच कंपनीत आधी विचारून बघा. एमआयएसचं (साहेबांसाठी नियमित आकडेवारी काढायचं) किंवा रिपोर्टिंगचं काम अंगावर घ्यायला सहसा कुणी तयार नसतं. साहेबांना म्हणा, दर सोमवारचा तो एक्सेल रिपोर्ट यापुढे मी एसक्यूएलने (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेने) काढून देतो.