वळीखालचा उंदीर आणि त्याच्यामागची घोणस

खानापूर-बेळगाव भागात भाताची सुगी लागली की शिवारातल्या उंदराचा आडोसा जातो. तो बांधाच्या बिळात, नाहीतर थेट वळीखाली, म्हणजे रचून ठेवलेल्या भाताच्या पेंढ्यांच्या ढिगाखाली, शिरतो. साप त्याच्या मागोमाग येतो. वळी मोडताना घोणस निघते ती यामुळेच. निपाणी-चिकोडीकडे ऊसतोडीत पाल्याखाली हेच घडतं.

घोणस भक्ष्यामागे धावत नाही. दबा धरून बसते, उंदराला डसून बहुतेक वेळा सोडून देते आणि मग वासावरून त्याला शोधून काढते. वाळल्या पेंढ्यात तिचा रंग असा मिसळतो की हात पोहोचेपर्यंत दिसत नाही. म्हणून पेंढी आधी काठीने हलवा, मगच उचला. पायात गमबूट हवेतच. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आला तर जागीच थांबा, ती कुठे आहे ते बघा आणि सावकाश मागे सरका.

साप चावल्यावर मुंगूस मुळी खाऊन बरं होतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. खरं कारण त्याच्या अंगातच आहे. मज्जातंतूचा निरोप स्नायू जिथे घेतो, नेमकी ती जागा नागाचं विष अडवतं. मुंगसाच्या स्नायूवर त्या जागेची घडणच वेगळी, त्यामुळे विषाला तिथे नीट चिकटता येत नाही. तरी दंश मोठा बसला तर तेही मरतं. त्याची खरी भिस्त चपळाईवर आणि फुलवलेल्या केसांवर. झाडपाल्याच्या भरवशावर माणसाने मात्र एक मिनिटही घालवू नये.

हे मुंगूस, बिनविषारी धामण आणि गव्हाणी घुबड आपली उंदरांची राखण फुकट करतात. त्यांना मारू नका. मुंगूस मारणं तर वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. ब्रोमॅडिओलोन हे उंदीर मारायचं औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि त्याला खाणाऱ्या घुबडाच्या पोटातही ते विष जातं. त्यामुळे संध्याकाळी सगळी बिळं बुजवा, सकाळी उकरलेली दिसतील तेवढ्यांतच आमिष ठेवा आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. वळीजवळ तर सापळेच बरे. मसूर-हरभऱ्याच्या रानात पक्ष्यांसाठी उंच थांबे रोवा, रात्री घुबड तिथे बसतं.

राखणीला खळ्यावर झोपणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश बऱ्याचदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. तिचं विष मज्जातंतूची टोकंच निकामी करतं. एकदा झालेलं नुकसान प्रतिविषाने भरून येत नाही. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. अशी लक्षणं दिसली तर दाताची खूण नसली तरी दवाखाना गाठा.

बांधाचे दगड हलवताना लाल विंचवाकडेही लक्ष असू द्या. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं ही धोक्याची चिन्हं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून असे रुग्ण वाचू लागले, पण ते औषध डॉक्टरांनीच द्यायचं.

दंश झाला तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, साप मारत बसू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करा. दंश किती वाजता झाला ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच सांगा.